बायकांचं बोटघर: विष्णुपुरीच्या काठावरच्या कामाच्या नोंदी

नांदेडच्या वरच्या अंगाला, विष्णुपुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यात आम्ही बायका-मुली बोट वल्हवतो. इतकी वर्षं आमच्या बोटी एका आंब्याखाली ताडपत्रीत पडून असायच्या. यंदा शेड मिळालं. त्याचं बोटघर करताना जे जे झालं ते वहीत टिपत गेले, तेच इथे देते आहे. उद्या येलदरीला, माजलगावला, पैठणकडे कुठल्याही बायकांनी असं काही मांडलं, तर आमचे वाया गेलेले पैसे आणि दिवस तरी त्यांचे वाचावेत.

१२ जानेवारी २०२५, रविवार

शेड ताब्यात आलं. पूर्वी इथे केळीचा माल भरायचे. ५४ फूट लांब, २२ फूट रुंद, तीन बाजूंनी भिंत, नदीकडून उघडं, वर जस्ती पत्रा. मालक आमच्यातल्या एका काकूंचे दीर. भाडं महिना २,५०० आणि अकरा महिन्यांचा करार. करार कुणा एकीच्या नावावर न करता तिघींच्या सह्यांनी केला. एकीची बदली झाली किंवा लग्न झालं तर जागा हातची जायला नको.

लांबी आधी मोजली म्हणून निभावलं. एकटीची बोट सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. ती नियमाप्रमाणे कमीत कमी १४ किलोची, म्हणजे दोघी सहज उचलतात. पण चौघींची बोट साधारण १३ मीटर, म्हणजे ४२-४३ फूट होते. ती आत घेऊन वळवायची तर ५० फुटांच्या खालचं शेड घेऊच नका. या आधी ३८ फुटांचं एक शेड कमी भाड्यात मिळत होतं आणि मी हो म्हणायच्या बेतात होते.

आत सुकलेले केळीचे दांडे, कुजलेली पोती, वटवाघळांची घाण आणि एका कोपऱ्यात सापाची कात. सफाईला दोन रविवार आणि ३,२०० रुपये गेले.

१९ जानेवारी

आधी काय करायचं यावर बैठक. मदतीला आलेली पुरुष मंडळी म्हणाली, आधी रॅक करा, बोटी उन्हातून आत घ्या. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. पण आम्ही सोळाजणींनी एकमुखाने ठरवलं की आधी कपडे बदलायची खोली आणि संडास.

कारण सांगते. आतापर्यंत आंब्यामागे दोघी चादर धरून उभ्या राहायच्या आणि तिसरी कपडे बदलायची. थंडीत ओल्या कपड्यांवर अकरा किलोमीटर ऑटोने घरी. पाळीच्या दिवसांत निम्म्याजणी यायच्याच नाहीत. दोन वर्षांपूर्वी दहावीतली एक मुलगी आली होती, वल्ह्याला इतका सरळ हात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. तिच्या आईने एकदा चादरीचा तो प्रकार पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून मुलगी बंद. त्या माउलीला मी दोष देणार नाही.

बैठकीत मी येल विद्यापीठाच्या मुलींची हकीकत सांगितली. अमेरिकेतलं बडं विद्यापीठ. मुलं आणि मुली एकाच नदीवर सराव करायची, पण बोटघरातली न्हाणी फक्त मुलांसाठी. सराव संपला की घामाने आणि बर्फाळ पाण्याने भिजलेल्या मुली बसमध्ये बसून राहायच्या, मुलं आंघोळ करून येईपर्यंत. आजारपणं सुरू झाली. शेवटी ३ मार्च १९७६ ला क्रिस अर्न्स्ट हिच्या पुढाकाराने १९ जणी विद्यापीठाच्या क्रीडा विभागातल्या अधिकारी बाईंच्या कार्यालयात गेल्या आणि अंगावरचे कपडे उतरवून उभ्या राहिल्या. उघड्या अंगावर ‘टायटल नाइन’ लिहिलेलं, म्हणजे शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करू नये असं सांगणाऱ्या कायद्याचं नाव. आणि एक निवेदन वाचून दाखवलं: येल ज्या देहांचं शोषण करतंय ते हे देह. बातमी देशभर झाली आणि मग मुलींसाठी न्हाणी बांधली गेली. त्या एकोणीसजणींतली ॲन वॉर्नर त्याच उन्हाळ्यात माँट्रियल ऑलिंपिकला गेली आणि आठजणींच्या बोटीत कांस्यपदक घेऊन आली.

सगळ्या गप्प. मग आमच्या अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, “मग खोलीच आधी. रॅकचं रॅकला बघू.”

२ फेब्रुवारी

खोली १० बाय ८ फूट. आठ दिवसांत तीन चुका झाल्या.

पहिली खिडकी. उजेडासाठी नदीच्या बाजूने चार फुटांवर खिडकी सोडली. पलीकडून माशांची होडी जाते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ते नववीतल्या मुलीने दाखवून दिलं. ती होडीत बसून समोरून गेली आणि तिथूनच ओरडली, “ताई, सगळं दिसतंय!” खिडकी बुजवून सात फुटांवर झरोका काढला. १,८०० रुपये पाण्यात.

दुसरी चूक दाराची. दार बाहेर उघडत होतं, नेमकं ज्या वाटेने बोट आत येते तिथे. बोट खांद्यावर असते तेव्हा समोरचं दिसत नाही आणि टोक तर पुढे तीन-चार फूट गेलेलं असतं. बिजागऱ्या काढून दार आत उघडेलसं केलं.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. सुताराने कडी-कोयंडा बाहेरून लावला, आतून काहीच नाही. त्याच्या हातवळणी शेडचं दार म्हणजे कुलूप बाहेरून लावायचं. त्याला म्हटलं, “दादा, हे दार आतून बंद व्हायला पाहिजे.” त्याने लगेच एक छोटी टॉवरबोल्ट काढली. ती मी नको म्हटलं. तिला थोडा धक्का दिला की निघून येते. मग बाजारातून दहा इंची लोखंडी अडसर आणला, जाड, काळा, चौकटीत दोन इंच खोल जाणारा. तो सरकला की ‘खट्’ असा आवाज येतो. पहिल्या दिवशी प्रत्येकीने आत जाऊन तो एकदा लावून पाहिला. साठीच्या आजींनी तर तीनदा. अडसर १८० रुपयांचा आहे. या सबंध कामात त्याच्याइतके सार्थकी लागलेले पैसे दुसरे नाहीत.

वीट, सिमेंट, वाळू, मिस्त्रीची हजेरी आणि दार मिळून खोलीचा खर्च ४६,५०० रुपये. वरचे १,८०० त्यात धरले आहेत.

१६ फेब्रुवारी

संडास. इथली जमीन काळी, चिकणमातीची. साधा शोषखड्डा घेतला, पाच फूट खोल, तळाशी दगड. पाणी ओतून पाहिलं तर दुसऱ्या दिवशी सकाळीही तेवढंच. काळी माती ओली झाली की फुगते आणि भेगा बुजतात, पाणी जिरतच नाही. शिवाय खड्डा नदीपासून जेमतेम ४० फुटांवर. हेच पाणी पुढे शहराच्या पिण्यात जातं हे लक्षात आल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. खड्डा बुजवला, ६,५०० रुपये गेले.

आता शेडच्या रस्त्याकडच्या बाजूला, उंचवट्यावर बंद टाकी बसवली आहे. तिच्यातून बाहेर पडणारं पाणी मुरमाच्या लांब चरात सोडलं आहे. काळी माती तीन फूट काढून तिथे मुरूम आणि खडी भरली, त्यावर केळीचे चार कंद लावले. एकूण ३१,०००. कुणी करणार असाल तर आधी खड्डा भरून पाणी किती वेळात जिरतं ते पाहा, मगच मिस्त्री बोलवा.

९ मार्च

काल महिला दिन झाला. आज जुन्या बायका आणि भोईमामा यांना बसवून मंडळाचा इतिहास लिहून घेतला. भिंतीवर रंगवायचा आहे.

मंडळाची पहिली वही वाळवीने खाल्ली. त्यामुळे तोंडी सांगणं आणि फोनमधले फोटो एवढाच आधार. आजी म्हणाल्या, आपण श्रावणात सुरू केलं. भोईमामा म्हणाले, पोळा झाला होता, माझे बैल रंगवलेले होते. दोघांचंही ठाम. शेवटी काकूंच्या जुन्या फोनमध्ये एक फोटो सापडला. मामांची लाकडी होडी, चौघी बायका लाइफ जॅकेट घालून, आणि मागे काठावर बैल, शिंगांना हिंगूळ लावलेला. मामांचं खरं निघालं. आजींनी फोटो बराच वेळ पाहिला, मग म्हणाल्या, “बैलच साक्षीला आले म्हटल्यावर माझं काय चालतंय.”

हे सगळं २०१६ च्या दुष्काळानंतरचं. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. आमच्या इथे नदीच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती. मामा दोन वर्षं होडी न घालता ऊसतोडीला गेले. नदी पुन्हा भरली तेव्हा त्यांनीच आम्हाला विचारलं की तुम्हाला शिकायचंय का. पोहायला आधी त्यांनी शिकवलं, वल्हं नंतर दिलं. २०० मीटर न थांबता पोहल्याशिवाय बोटीत बसायचं नाही, हा नियम त्यांचा आहे आणि आजही तसाच आहे. काकूंना त्यासाठी सात महिने लागले.

पाणी आटण्याची ही भीती फक्त आपलीच नाही. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावात झाल्या. पुढे तो तलावच आटला. शर्यतीचं पाणी होतं तिथे माती उरली. हे आमच्या भिंतीवर लिहायचं असं एकमताने ठरलं.

२३ मार्च

भिंतीने दगा दिला. आतल्या लांब भिंतीला चुन्याचे दोन हात दिले आणि पेंटर बोलावला. चार ओळी झाल्या आणि पाचव्या दिवशी चुना पापुद्रे धरून गळायला लागला. भिंतीला लोणा आहे. वर्षानुवर्षं केळी धुतलेलं पाणी जमिनीवर सांडत होतं, ते क्षार घेऊन भिंतीत चढलेलं. चुन्याचे ९०० रुपये वाया.

मिस्त्रीने जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचा गिलावा खरवडून काढला. विटा पंधरा दिवस उघड्या ठेवून वाळवल्या, मग सिमेंटमध्ये वॉटरप्रूफ पावडर मिसळून नवा गिलावा. चुन्यासकट ७,४००. आणि इतिहास आता भिंतीवर रंगवायचा नाही. पत्र्याचे फलक करून भिंतीपासून इंचभर सोडून टांगायचे. हे पहिल्यापासूनच करायला हवं होतं. उद्या जागा सोडावी लागली तर फलक सोबत नेता येतील.

३० मार्च, पाडवा

रॅक आले. पुरुषांच्या एका बोटघरातल्या रॅकची मापं मी फोनवरून घेतली आणि तशीच वेल्डरला दिली. वरचा हात पावणेसहा फुटांवर. गुढी उभारून मुहूर्ताने चौघींची बोट चढवायला गेलो आणि ती खांद्याच्या वर जाईचना. आमची सरासरी उंची पाच फूट असेल. दोघींनी टाचा उंचावल्या, एकीचा तोल गेला, बोट रॅकच्या लोखंडावर घासली आणि सहा इंचांची भेग पडली. सणाच्या दिवशी सगळ्यांचे चेहरे उतरले.

दुसऱ्या दिवशी वेल्डर पुन्हा बोलावून सगळे हात कापून नव्याने जोडले. वरचा हात चार फूट आठ इंच, मधला अडीच फूट, खालचा दहा इंच. हे माप आमच्या खांद्यांवरून घेतलं, सगळ्यात बुटक्या चौघींना उभं करून. हातांवर जुन्या सायकलच्या ट्यूब आणि त्यावर गालिच्याचे तुकडे गुंडाळले. रॅक २८,६००, कापाकापी २,२००.

माप घेताना आपल्या माणसांच्या अंगावरून घ्या. तयार नकाशा कुणाच्या अंगाचा आहे ते आधी विचारा.

१३ ते २७ एप्रिल

भेग बुजवण्यात पंधरा दिवस गेले. हा भाग सविस्तर लिहिते, कारण जुनी बोट घेणाऱ्या प्रत्येकीला हे करावं लागणार.

पहिला प्रयत्न: नांदेडमध्ये पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे जे रेझिन वापरतात तेच आणलं, सोबत काचेची मॅट आणि हार्डनर. दुकानदाराने सांगितलेल्या मापाने हार्डनर घातला. पण दुपारचे दोन वाजलेले, बाहेर ४१-४२ अंश. डब्यातलं मिश्रण चार मिनिटांत जेलीसारखं झालं, मग तापून धूर निघायला लागला. डबा वाळूत फेकला. हात भाजला नाही एवढंच.

दुसरा प्रयत्न: पहाटे साडेपाचला, हार्डनर निम्मा. ठिगळ छान बसलं. तीन दिवसांनी बोट पाण्यात घातली आणि ठिगळ केळीच्या सालीसारखं सुटून हातात आलं. मग पुण्यात बोटींचं काम करणाऱ्या एकांना फोटो पाठवले. ते म्हणाले, बोट एपॉक्सीची आहे, त्यावर टाकीवालं पॉलिस्टर धरत नाही. उलट मात्र चालतं, पॉलिस्टरवर एपॉक्सी धरतं. ३,१०० रुपये गेले.

तिसरा प्रयत्न: एपॉक्सी मागवलं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने भेगेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं घासलं, थिनरने पुसलं आणि त्यानंतर हात लावायचा नाही असा दंडक. दोन्ही भाग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅमनी मोजून मिसळले, अंदाजाने अजिबात नाही. एका वेळी १०० ग्रॅमच. मॅटऐवजी विणलेलं कापड, तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. वरून प्लॅस्टिकचा कागद ताणून चिकटवला म्हणजे पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. दोन दिवस हात लावला नाही. २७ तारखेला बोट पाण्यात, तासभर, एक थेंब आत नाही. आतापर्यंतचा दुरुस्तीचा सगळा खर्च ९,८००.

या पंधरा दिवसांत बोट बंद, म्हणून नवीन आलेल्या मुली खोलीत बसून बांधाबांध शिकल्या. अडसर लावून. त्यांना तिथे बसायला आवडायला लागलंय.

४ मे

पत्रा तापतो. दुपारी आत बोटीला हात लावला तर चटका बसतो आणि एका एकेरी बोटीचा तळ थोडा वाकलेला दिसतोय. कुणीतरी सुचवलं म्हणून पत्र्याखाली तुराट्यांचा थर बांधला. आत गारवा आला, खरंय. पण चार दिवसांत उंदीर आले आणि एका सीटची रबरी चाकं कुरतडली. तुराट्या काढल्या. आता पत्र्यावर बाहेरून चुना, त्यात थोडा फेव्हिकॉल मिसळून. आणि शेडच्या उघड्या बाजूला हिरवी शेडनेट. फरक स्पष्ट जाणवतो.

२१ मे

अवकाळी. रात्रभर पाऊस. सकाळी पाहिलं तर अकरा ठिकाणी गळती. पत्रे जुने म्हणून गळत असतील असं वाटलं होतं, पण गळत होते ते नवे बदललेले पाच. आमच्या माणसाने स्क्रू पत्र्याच्या खोलगट भागात मारले होते. तिथूनच पाणी वाहतं. स्क्रू उंचवट्यावर मारायचा आणि त्याखाली रबरी वॉशर हवाच. सगळे काढून पुन्हा मारले, जुनी भोकं डांबरी पट्टीने बुजवली. पावसात पत्र्यावरचा बराचसा चुनाही धुऊन गेला. चुना, शेडनेट, पत्रे, स्क्रू मिळून छप्पर १२,३००.

१ जून

फलक झाले. पेंटरकाका जुने, एसटीच्या पाट्या रंगवलेले. अक्षर बघत राहावं असं. इथेही एक चूक झाली, ती माझी.

पहिल्या फलकावर मी लिहून दिलं होतं की बायकांचा पहिला नौकानयन क्लब १८९६ चा, लंडनमधल्या हॅमरस्मिथचा. काकांनी रंगवलं. मग एका मैत्रिणीने विचारलं, “अमेरिकेतल्या त्या चौघींचं काय?” खरंच. सॅन डिएगोमध्ये १८९२ मध्येच तीन बहिणी आणि त्यांची एक मैत्रीण यांनी क्लब काढला होता. झुलेट, लेना, ॲग्नेस, कॅरोलिन, या चौघींची आद्याक्षरं म्हणजे क्लबचं नाव, झेड-एल-ए-सी. तो आजही चालू आहे, आणि त्यांचं १९३२ चं क्लबघर लिलियन राइस या स्त्री वास्तुविशारदाने बांधलं. फलक पुन्हा रंगवला, ३५० रुपये. या खेपेला ‘पहिला’ हा शब्दच काढून टाकला. साल लिहिलं की पुरे.

हॅमरस्मिथची गोष्ट काढली मात्र नाही, कारण ती आमच्या बायकांना सगळ्यात जवळची वाटली. फर्निव्हल नावाचे इंग्रजीचे थोर अभ्यासक, सत्तरी ओलांडलेले. ते ज्या चहाच्या दुकानात जायचे तिथल्या वाढणाऱ्या मुलींना त्यांनी नदीवर आणलं आणि त्यांच्यासाठी क्लब काढला. पुरुषांना तिथे प्रवेश मिळाला तो १९०१ मध्ये. आमच्यात दोघी मेसचे डबे करतात. त्यातली एक म्हणाली, “म्हणजे त्याही ताटं उचलूनच यायच्या की.” तो फलक तिने खोलीच्या दाराशेजारी लावून घेतला.

तिसरा फलक फिलाडेल्फियाचा. १९३८ मध्ये वल्हवणाऱ्या पुरुषांच्या बायका-मैत्रिणी एकत्र आल्या. नवरा रोज नदीवर आणि आपण काठावर, हे अर्नेस्टाइन बायर यांना सोसवेना. पुरुषांच्या क्लबांच्या त्या रांगेत स्केटिंगवाल्यांची एक जुनी इमारत मोकळी पडली होती, १८६०-६१ ची. ती त्यांनी भाड्याने घेतली. मोकळी पडलेली जुनी वास्तू, भाड्याने! हे वाचलं त्या दिवशी मी केळीचं शेड शोधायला बाहेर पडले होते.

चौथा फलक नुसता ‘१९७६’ असा आहे. येलच्या मुलींचा तो निषेध त्या वर्षीचा. माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये बायकांच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या त्याही त्याच वर्षी, पण १,००० मीटरच्या. पुरुषांइतकं २,००० मीटर अंतर मिळायला १९८८ चं सोल उजाडलं आणि शर्यतींची संख्या सारखी व्हायला टोकियो. भारतीय नौकानयन महासंघही १९७६ चाच. आणि आपलं जायकवाडी धरण पूर्ण झालं तेही १९७६ मध्ये. या चार गोष्टी एकाखाली एक लिहिल्या आहेत, मध्ये काही जोडलेलं नाही.

पाचव्यावर आपली माणसं. २०१० च्या आशियाई खेळांत दोघींच्या बोटीत कांस्य मिळवणाऱ्या ओडिशाच्या प्रतिमा पुहाना आणि प्रमिला प्रवा मिंझ. आणि दत्तू भोकनळ, चांदवड तालुक्यातल्या दुष्काळी तळेगाव रोहीचा, विहिरी खोदण्याच्या कामावर जाणारा. तो सैन्यात जाऊन वल्हं शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. बायकांच्या बोटघरात पुरुषाचं नाव कशाला, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, ज्या गावात पाणी नाही तिथल्या माणसानेही हे केलं, ते मुलींच्या डोळ्यांसमोर राहू द्या. तिला पटलं. सहाव्या फलकावर आमचा इतिहास आणि त्या रंगवलेल्या बैलांचा फोटो.

पत्रा, रंग, मजुरी, दुरुस्तीसह २,४५०.

८ जून

तराफा. काठावर चिखल, त्यातून बोटीत चढणं धोक्याचं, म्हणून २४ फूट बाय ६ फुटांचा तरंगता धक्का केला. २०० लिटरचे निळे ड्रम आडवे टाकून वर अँगल आणि फळ्या. तरंगला झकास. पण त्याची फळी पाण्यापासून दीड फूट वर राहिली. शर्यतीच्या बोटीचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर असतो आणि दोन्ही बाजूंना लोखंडी हात बाहेर आलेले असतात, ते फळीच्या वरून गेले पाहिजेत. आमचे फळीला धडकायला लागले आणि बसणारीला तर खाली उडीच मारावी लागे. एकजण बोटीसकट उलटली. पाणी छातीएवढं होतं, जॅकेट होतं, काही झालं नाही.

ड्रम विकून ५० लिटरचे तीस कॅन बसवले. आता माणसं उभी राहिली की फळी वीतभरच उरते. तराफा २१,५००, ड्रमच्या व्यवहारात नुकसान ४,०००. ड्रमपेक्षा उंचीचा विचार आधी करा.

पाण्यात धक्का ठेवायच्या परवानगीसाठी एका कार्यालयाच्या सहा खेपा झाल्या. दर वेळी नवा कागद. सहाव्या खेपेला आम्ही अकराजणी मिळून गेलो, शांतपणे बसून राहिलो, आणि संध्याकाळी पत्र हातात मिळालं. कागदांची यादी पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या.

२२ जून

जलपर्णी वाहत आली. एकेरी बोटीखालची छोटी पात त्यात अडकून मोडली, बोट सरळ जाईना. पात परत चिकटवताना उरलेलं एपॉक्सी कामी आलं. आता सराव सुरू करण्याआधी मामा होडीतून एक फेरी मारून वाट मोकळी करतात.

६ जुलै, आषाढी एकादशी

बंधाऱ्याचे दरवाजे उघडण्याचा काळ आला. १८ दरवाजे आहेत, त्यातला एक जरी उचलला तरी इथल्या पाण्याला ओढ लागते. त्यामुळे सराव बंद, तराफा ओढून वर बांधला, खालच्या रॅकवरच्या बोटी वरच्या रॅकवर घेतल्या. भिंतीवर मामांनी कोळशाने एक रेघ मारली आहे. पाणी तिथे आलं की बोटी घेऊन रस्त्यावर जायचं.

हिशेब लागला. भाडं सोडून १,६८,९५० रुपये. त्यातले चुकांपायी गेलेले १८,८५०. वर्गणी, दोघींच्या भिशीचे पैसे, आजींनी विकलेल्या दोन शेळ्या आणि काही हितचिंतकांचे. देणं २२,००० अजून बाकी आहे, ते दिवाळीपर्यंत फेडायचं आहे.

सकाळी मी हिशेबाची वही घेऊन बसले होते. एक बाई शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. ओळखीची वाटली. दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या त्या मुलीची आई. काही बोलली नाही. फलक पाहिले, रॅक पाहिले, मग खोलीत गेली. मी बाहेरच थांबले. आतून ‘खट्’ असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा ‘खट्’. बाहेर येऊन तिने विचारलं, “पाऊस संपला की किती वाजता असतं?”

सहा वाजता, म्हणून सांगितलं. पावसाने पत्र्यावरचा चुना पुन्हा गेलाय, उघडीप मिळाली की दुसरा हात द्यायचा आहे.